शेवटच्या लॅडलची नोंद

शिंत्रे कास्टिंग्जमध्ये गेली सात वर्षं कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. पूर्वी तिथं वाळूत पाणी किती आणि साच्याला तोंड कुठून, यावरून माणसं जेवणाचे डबे बाजूला सारून हमरीतुमरीवर यायची. आता ज्याला शंका येई तो हेल्मेटच्या कानाशी बोट लावून शिदोरी नावाच्या यंत्रणेला विचारी. शिदोरी उत्तर देई आणि माणूस मुकाट कामाला लागे.

बाहेरून पाहणी करायला आलेले साहेब लोक या शांततेचं कौतुक करून जायचे. त्रिशला मगदूमला मात्र ती सोसवत नव्हती. ती कोअर विभागाची प्रमुख होती, वय शेहेचाळीस, त्यातली चोवीस वर्षं याच शेडमध्ये गेलेली. आणि या शांततेतलं निम्मं पाप आपल्या पदरात आहे हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

शिदोरी आणली मालक रणजित शिंत्रेने, दोन हजार चौतीस साली. जुने कारागीर निवृत्त होत होते आणि जाताना चाळीस-चाळीस वर्षांचं ज्ञान बरोबर घेऊन घरी बसत होते. ते कारखान्यातच राहावं म्हणून ही यंत्रणा. प्रत्येकाच्या हेल्मेटवर बारीक कॅमेरा आणि माइक. कोण काय करतो, का करतो, लोखंड किती तापलं होतं, वाळूत काय मिसळलं होतं आणि शेवटी माल कसा निघाला, हे सगळं ती टिपायची. मग अशा प्रत्येक कामाचा ती एका अफाट नकाशावर एक ठिपका मांडायची. सारखी कामं जवळजवळ, वेगळी कामं लांब. जमलेलं काम हिरवं, फसलेलं लाल. तुम्ही नवं काही विचारलंत की तुमच्या विचाराची जागा ती नकाशावर शोधायची, आजूबाजूचे ठिपके बघायची आणि पुढे काय होईल ते सांगायची. यात जादूटोणा काही नव्हता. गल्लीतली म्हातारी माणसं आयुष्यभर हेच करत आलेली असतात, फक्त त्यांचे ठिपके कमी आणि विसरभोळे.

पण ठिपके आणायचे कुठून? ते काम त्रिशलाने केलं होतं. शिदोरी बोलायला लागण्याआधीची दोन वर्षं ती वही घेऊन एकेका कारागिराच्या मागे फिरली. कुणी हाताचा राखून सांगितलं, कुणी सांगितलंच नाही. सगळं मोकळं केलं ते एकट्या दस्तगीर मुजावरांनी, म्हणजे सगळ्यांच्या चाचांनी. साच्याच्या कामातला त्यांच्याइतका तयार हात त्या पट्ट्यात नव्हता, आणि त्रिशलाला कामावर लागल्या दिवसापासून त्यांनीच शिकवलेलं. "पोरी, तू लिहिनारी हाईस म्हणून सांगतो," ते म्हणायचे. आता ते एकोणसाठ वर्षांचे होते, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. त्यांचंच ज्ञान शिदोरी त्यांना कानात ऐकवत होती. असं चाचांना वागवायचं होतं तर मग ते लिहून तरी कशाला घेतलं, असा प्रश्न त्रिशलाला हल्ली रोज पडायचा.

त्या आठवड्यात भांडणासारखं कारणही होतं. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पंपांची कवचं ओतायचं काम आलं होतं, आणि दर तीन कवचांतलं एक मानेपाशी, म्हणजे निमुळत्या भागापाशी, चिरत होतं. शिदोरी शांतपणे सांगत होती की या आकाराच्या मालात इतकी खराबी धरूनच चालायची.

त्रिशलाच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. लोखंड थंड होताना आकसतं. कवच आतून पोकळ हवं म्हणून साच्यात वाळूचा घट्ट गाभा बसवतात, त्यालाच कोअर म्हणायचं. हा कोअर दगडासारखा कडक राहिला तर आकसणाऱ्या लोखंडाला जागा मिळत नाही आणि मान फाटते. कोअरच्या वाळूत उसाच्या चिपाडाचा बारीक भुसा मिसळला तर? लोखंडाच्या धगीने भुसा आतल्या आत जळून जाईल, कोअर पोकळ पडेल, लोखंडाने आवळलं की दबेल. चिपाडाला तर या जिल्ह्यात तोटा नव्हता.

तिने कानाशी बोट नेलं आणि विचारलं.

"हा प्रयोग टाळावा," शिदोरी म्हणाली. तिचा आवाज गोड होता, बँकेत नव्याने लागलेल्या मुलीसारखा. "याच्या आसपास एक्केचाळीस नोंदी आहेत. एक्केचाळीसही नापास."

एरवी माणूस इथेच थांबायचा. त्रिशलाही दोनदा थांबली होती. त्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. एक्केचाळीस वेळा चिपाडाचा भुसा या शेडमध्ये घातला गेला आणि मला एकदाही वास आला नाही?

"यातले प्रत्यक्ष ओतलेले साचे किती?" तिने विचारलं.

सात वर्षांत हा प्रश्न शिदोरीला कुणी विचारलेला नव्हता.

"एक."

"आणि चाळीस?"

"चाळीस प्रस्ताव आहेत. कर्मचाऱ्यांनी विचारले, नापास होण्याची शक्यता जास्त असल्याने नाकारले गेले, आणि अपेक्षित निकालासह नोंदवले गेले."

त्रिशला वाळूच्या ढिगाच्या कडेवर बसली. म्हणजे पहिल्या माणसाने विचारलं तेव्हा जवळ एक लाल ठिपका होता, म्हणून त्याला नाही म्हटलं, आणि त्या नाहीचा दुसरा लाल ठिपका झाला. तिसऱ्याला दोन दिसले, चौथ्याला तीन. कुणी काही ओतलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि लाल रान आपोआप वाढत गेलं. चाळीस माणसांना, कदाचित दहाच माणसांना चार-चार वेळा, हीच गोष्ट सुचली होती. प्रत्येकाला वाटलं आपणच खुळे. सुचलेलं कुणी कुणाला बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं.

"ती एक नोंद दाखव," ती म्हणाली.

हेल्मेटच्या काचेवर अक्षरं उमटली. सप्टेंबर दोन हजार चौतीस. कारागीर दस्तगीर मुजावर. भुसामिश्रित कोअर. लोखंडाचं तापमान तेराशे नव्वद अंश. साचा पुरता भरला नाही, नापास. नोंद करणार त्रिशला मगदूम.

ही नोंद ती पार विसरली होती. आता तापमानाच्या आकड्यावर नजर गेली आणि सगळं आठवलं.

शेवटच्या लॅडलची पद्धत बाहेरच्याला माहीत असायचं कारण नाही. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत नेणारी मोठी बादली. दिवसभराचे साचे भरून झाले की भट्टीच्या तळाशी थोडं लोखंड उरतं. नियमाप्रमाणे ते विटांसारखं ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळवायचं. पण जुन्या काळापासून ती शेवटची लॅडल कारागिरांची. ज्याच्या डोक्यात काही शिजत असेल त्याने आपला साचा कोपऱ्यात मांडून ठेवायचा आणि ते उरलेलं लोखंड त्यात ओतून बघायचं. मुकादम तेवढ्यापुरता तोंड फिरवून उभा राहायचा. उरलेलं लोखंड निवलेलं असतं, शंभरेक अंशांनी तरी, म्हणून शेवटच्या लॅडलचा साचा अर्धवट भरला तरी त्याला कुणी फसला म्हणत नसे. सगळे त्याच्याभोवती बसून, गरम लोखंड असतं तर काय झालं असतं, यावर वाद घालायचे. शिदोरी आली आणि भट्टीतला थेंबन् थेंब तिच्या हिशेबात गेला. पद्धत पहिल्याच वर्षी बंद पडली.

चाचांनी भुशाचा कोअर त्याच वर्षी शेवटच्या लॅडलवर करून पाहिला होता. खरं तापमान होतं बाराशे नव्वद. ते लिहिलं असतं तर उरलेलं लोखंड परस्पर वापरल्याचं उघड झालं असतं आणि चाचांवर ठपका आला असता. म्हणून त्रिशलाने सकाळच्या पहिल्या लॅडलचं तापमान लिहून टाकलं. तेव्हा तिला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं.

चाचा साच्याच्या पेटीवर ओणवे होऊन वाळू ठोकत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. अडखळत, पण काही लपवलं नाही.

चाचांनी हात थांबवला. "म्हंजे माझा कोअर फसला न्हवता?"

"फसला का न्हाई, ते कुणालाच म्हाईत न्हाई चाचा. लोखंड निवलेलं होतं. मी तसं लिवलंच न्हाई."

"मी बी तिला इचारलं व्हतं गं. चार-पाच येळा." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "ती म्हनायची नापास. मला वाटलं, आता आपलं डोकं चालंना. म्हातारपन आलं म्हनून गप बसलो."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी त्रिशलाला चाललं असतं. सात वर्षं या माणसाने स्वतःला बाद धरलं होतं, आणि ते तिच्या मायेपोटी.

तिने तिथल्या तिथे शिदोरीला नोंद दुरुस्त करायला लावली. शेवटची लॅडल, बाराशे नव्वद अंश, खोटं तापमान लिहिणारी त्रिशला मगदूम. शिदोरीने निमूट बदल केला. "आभारी आहे," ती म्हणाली. "उरलेल्या चाळीस नोंदींवरून अंदाज तोच राहतो. हा प्रयोग टाळावा."

त्रिशला सरळ रणजितच्या केबिनमध्ये गेली. दोघं पॉलिटेक्निकला एका बाकावर बसलेले. चारचौघांत ती त्याला साहेब म्हणे, दार लावल्यावर रणजित.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"त्रिशला, तुला यशवंत आठवतो?" त्याने विचारलं.

आठवत नसायला काय झालं? रणजितच्या वडिलांच्या काळात एकाने अंदाजाने ओला साचा भरला होता. लोखंड उसळलं आणि शेजारी उभ्या यशवंतचे दोन्ही डोळे गेले.

"शिदोरी आल्यापासून या शेडमध्ये एक माणूस भाजलेला नाही," रणजित म्हणाला. "मला तेवढं पुरे आहे. तीनांतलं एक कवच गेलं तर जाऊ दे."

"ओल्या साच्याची नोंद शिदोरीत आहे, आणि ती राहिलीच पाहिजे. त्यावर मी कधी बोट ठेवलं? मी म्हणते, जे घडलंच नाही ते घडलं म्हणून ती सांगते. असे किती लाल ठिपके आहेत ते तरी विचार."

"विचारतो की. शिदोरी बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहितो, ते तपासतील. सहा महिने लागतील."

"सहा महिन्यांत चाचा घरी जायच्या वाटेला लागतील."

"चाचांसाठी करतेस का कवचासाठी?"

"दोन्हीसाठी. आणि माझ्यासाठी. माझं डोकं मला परत पाहिजे."

रणजितने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझी दोन बटणं वापरून झालीत. तिसरं दाबलंस तर नियम नियमच राहील. माझ्याच्याने तुला वाचवणं होणार नाही, आणि मी वाचवणारही नाही."

नियम सगळ्यांना पाठ होता. शिदोरीने नको म्हटलेलं काम करायचं असेल तर हेल्मेटवरचं लाल बटण दाबायचं आणि 'माझ्या जबाबदारीवर' म्हणायचं. अख्ख्या नोकरीत अशी तीन बटणं. तिसरं दाबलं की कायमचं शेडबाहेर, गेटवर, आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. पगार तोच, पण लोखंडाचा चटका पुन्हा नाही. त्रिशलाने पहिलं बटण दाबलं तेव्हा तिचं बरोबर निघालं होतं, दुसऱ्या वेळी चूक. बाकीच्या चौतीस माणसांनी एकही दाबलेलं नव्हतं.

तिने दोन दिवसांत भुशाचे दोन कोअर बनवले. सुदर्शन कांबळे तिच्या हाताखालचा कोअर कारागीर. तो चाळणीत भुसा चाळत होता आणि शिदोरी त्याच्या कानात सारखी सूचना देत होती.

"ताई, ही बया थांबंना," तो शेवटी म्हणाला.

"कोअर बनवायला बंदी नाही. ओतायला आहे. तू चाळत राहा."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता भट्टी तयार झाली. तापमान तेराशे त्र्याण्णव. त्रिशलाने आपला साचा रांगेत सगळ्यांत पुढे आणून ठेवला होता. पहिली लॅडल, अगदी ताजी. क्रेनवर लता घोरपडे होती. तिने वरून लॅडल साच्याशी आणली आणि थांबवली. हेल्मेटांमधून सगळ्यांना एकदम इशारा गेला होता, त्यामुळे शेडमधली सगळी माणसं जिथल्या तिथे उभी राहून तिच्याकडे बघत होती.

भीती वाटली का? वाटली. चोवीस वर्षं ज्या धगीत उभी राहिली ती धग उद्यापासून नसणार होती. मग तिला चाचांचं ते ओठांवरचं हसू आठवलं आणि तिने बटण दाबलं.

"माझ्या जबाबदारीवर," ती मोठ्याने म्हणाली. "पहिली लॅडल. तेराशे त्र्याण्णव. या वेळी तापमान खरं आहे, लिहून घे."

लोखंड साच्यात उतरलं. चिपाड जळाल्याचा गोडसर वास शेडभर पसरला.

माल निवायला दुपारचे तीन वाजले. वाळू फोडून कवच बाहेर काढलं तेव्हा रणजितही केबिनमधून खाली आला होता. चाचांनी तारेच्या ब्रशने मान घासली, त्यावर रंगीत तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. चीर असती तर तेल आत मुरून रेघ दिसली असती.

"न्हाई," चाचा म्हणाले. "चीर न्हाई."

त्रिशलाने डोळे मिटले. उघडले तेव्हा सुदर्शन कवचाच्या वरच्या कडेवर बोट ठेवून उभा होता. तिथे करंगळी जाईल एवढं भोक होतं. असा माल पंपाला चालणार नव्हता.

"म्हणजे नापास," रणजित हळूच म्हणाला. त्यात आनंद नव्हता, हे तिने मनोमन कबूल केलं.

सुदर्शनने सवयीने कानाशी बोट नेलं. शिदोरी काय म्हणाली ते सगळ्यांनीच ऐकलं, कारण तिने ते सगळ्यांना ऐकवलं. "या दोषाच्या आसपास एकही नोंद नाही. सल्ला उपलब्ध नाही."

सात वर्षांत शिदोरीने हात टेकलेले कुणी पाहिले नव्हते.

"वाफ," लता क्रेनच्या शिडीवरून उतरता उतरता म्हणाली. "भुसा जळला की धूर हुनारच की. त्यो जायाचा कुठनं?"

"तर भुसा कमी करा," सुदर्शन म्हणाला.

"कमी केलास तर मान परत फाटंल," लता म्हणाली. "कोअरमधनं तार घालून वाट काढा, सायकलच्या आऱ्याएवढी."

"एका वाटंनं काय हुतंय? तीन पायजेत."

"तीन काढल्यास तर कोअर हातात मोडंल रे. कधी स्वतः उचललायस का?" हे चाचा बोलले, आणि असे खेकसून बोलले की सुदर्शन दोन पावलं मागे सरला आणि मग तोही तावातावाने बोलू लागला. माणसं गोळा झाली. कुणी खडूने जमिनीवर कोअर काढला, कुणी तो पायाने पुसून दुसरा काढला. त्रिशला बाजूला उभी राहून ऐकत होती. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं.

रणजितने तिच्यापुढे हात केला. "हेल्मेट."

तिने काढून दिलं. कान मोकळे झाले.

"तुझं म्हणणं मी कंपनीला कळवीन," तो म्हणाला. "लाल ठिपके तपासायला लावीन, शब्द देतो. पण तू सोमवारपासून गेटवर."

"ठीक आहे."

तोवर खडूच्या त्या घोळक्याचं काहीतरी ठरलं होतं. सुदर्शन दुसरा कोअर दोन्ही हातांवर घेऊन आला. त्याला दोन बाजूंनी तारेने वाटा पाडलेल्या होत्या. संध्याकाळची भट्टी तापत आली होती. शिदोरीचा इशारा पुन्हा एकदा सगळ्यांच्या कानात गेला असावा, कारण सगळ्यांच्या माना एकदम ताठ झाल्या. आता नकाशावर बेचाळीस लाल ठिपके होते.

दस्तगीरचाचा पुढे आले. काळवंडलेलं बोट त्यांनी हेल्मेटवरच्या बटणाशी नेलं.

"माझी तिन्ही शिल्लक हाईत," ते म्हणाले. "घरी न्हेऊन काय करू? माझ्या जबाबदारीवर."

"चाचा, तुमच्या वयाला हे शोभतं का?" रणजित म्हणाला.

"माझीबी तीन हाईत," लता म्हणाली. "ही भट्टी चाचांची. उद्याची माझी."

"परवाची माझी," सुदर्शन म्हणाला. मागून आणखी दोघा-तिघांनी आपापला दिवस सांगितला. कुणी आवाज चढवला नाही. सुट्टीच्या पाळ्या लावून घ्याव्यात तसं ते चाललं होतं.

रणजित त्रिशलाकडे वळला, जणू हा सगळा घोळ तिनेच आवरायचा होता. "आणि सगळ्यांची तिन्ही संपली म्हणजे? चौतीसच्या चौतीस माणसांना गेटवर बसवू?"

"बसव," त्रिशला म्हणाली. चारचौघांत ती त्याला पहिल्यांदाच एकेरीत बोलत होती. "आत्तापासनं गेट मोठं करून घे."

रणजित क्रेनच्या वाटेतून बाजूला झाला. लता शिडी चढून क्रेनवर गेली, भट्टी झुकली, आणि पहिली लॅडल भरायला लागली.